डिप्रेशन आलं की घरचे (आणि आपण स्वतः) करतो त्या चुका टाळा

समजा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीतून दोघांना एकाच दिवशी काढलं. एक म्हणतो ऑर्डरच नाही ना भाऊ कंपनीकडं, हिंगण्याला बघतो काही मिळते का. दुसरा म्हणतो मीच बेकार, माझं कुठंच काही होणार नाही, आणि मग नोकरीवरून गाडी लग्न, मित्र, सगळ्यावर नेतो. घटना सेम, पण दुसऱ्याला डिप्रेशनचा धोका जास्त. अब्रॅमसन, मेटाल्स्की आणि अलॉय या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये साधारण हेच मांडलं होतं, की वाईट घटनेचं कारण कायमचं आणि सगळीकडं लागू असं धरायची सवय असली आणि वरून ताण आला की माणूस आशा सोडतो.

म्हणून "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला बे" हे बोलू नका. गोष्ट केवढी ते बाहेरून दिसते, त्याला तिचा अर्थ काय लागला ते दिसत नाही.

पण याची उलटी चूक मला जास्त खटकते, ती म्हणजे सगळं खापर विचारांवर फोडायचं, पॉझिटिव्ह राहा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ब्राऊन आणि हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या बायकांचा अभ्यास केला (१९७८), त्यात मोठा आघात झालेल्यांपैकी जिला मन मोकळं करायला जवळचं कोणी नव्हतं तिला डिप्रेशनचा धोका जास्त निघाला. म्हणजे घरातलं कोणी ऐकून घेते का हाही प्रश्न आहेच. शिवाय डिप्रेशन आलं की विचार आपोआप काळे होतात, त्यामुळं आधी काय आणि नंतर काय हे घरबसल्या ठरवू नका.

रात्री दोन वाजता पंख्याकडं बघत "माझ्यासोबतच काहून" हे घोळवत राहणं, याला बरेच जण विचार करून राहिलो म्हणतात. अर्ध्या तासात पुढं करायची एक गोष्टही निघाली नाही तर तो विचार नाही, नुसतं घोळवणं आहे, उठा, लाईट लावा, कोणाशी तरी बोला.

आणि एक, पहिल्या वेळी मोठं कारण सापडते, पण पुन्हा पुन्हा येणारं डिप्रेशन छोट्याशा ताणानंही येऊ शकते. "आता तर काहीच झालं नाही ना" म्हणून औषध मनानं बंद करू नका.

उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे जवळपास रोज राहिलं, झोप-भूक बिघडली, तर नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्सच्या मानसोपचार ओपीडीत जा. मरायचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर तेव्हाच फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येते.