ई-केसपेपर वापरताना डॉक्टरांनी या चुका टाळा

संगणक आल्यापासून वॉर्डातले काम वाढले, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात असे आढळले होते. मात्र नव्या निवासी डॉक्टरांना ई-केसपेपर, म्हणजे संगणकावरच्या रुग्णनोंदींची ही प्रणाली शिकवताना मला वारंवार दिसते ते हे, की सकाळी घाईत वाचवलेले मिनिट संध्याकाळी दुसऱ्या कोणाला तरी व्याजासकट भरावे लागते.

यातला सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे कालची नोंद उचलून आजच्या तारखेला चिकटवणे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील नोंदींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 46 टक्के मजकूर जुन्या नोंदींतून उचललेला होता आणि हाताने टाइप केलेला केवळ 18 टक्के. आपल्याकडे कोणी मोजले तर चित्र फार वेगळे निघेल असे मला वाटत नाही.

मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दाखल झालेल्या सत्तरीच्या एका आजोबांना अ‍ॅमिकासिन हे किडनीला इजा करू शकणारे प्रतिजैविक सुरू होते. दाखल होतानाचे क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) 1.1 होते, तो आकडा नोंदीत हाताने टाइप केला गेला आणि ‘किडनी फंक्शन नॉर्मल’ या शब्दांसह रोजच्या नोंदीत तसाच पुढे सरकत राहिला. लॅबच्या पानावर त्याच वेळी 1.6 आणि मग 2.3 असे चढते आकडे लाल अक्षरांत दिसत होते; परंतु राउंडला वरिष्ठांना नोंद वाचून दाखवली जात होती आणि लॅबचे पान कोणी उघडत नव्हते. लघवी कमी झाल्याचे चार्ट भरताना सिस्टरच्या लक्षात आले, तेव्हा कुठे औषध थांबले. क्रिएटिनिन हळूहळू उतरले, आजोबा घरी गेले. त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर मात्र पुन्हा 1.1 हाच आकडा छापला गेला, कारण तेही पहिल्या नोंदीवरूनच तयार केले होते.

म्हणून तपासणीचा आकडा मी कधीही टाइप करत नाही. तो तारखेसह प्रणालीतूनच नोंदीत ओढून घेतो. जुनी नोंद शेजारी उघडी ठेवून वाचावी, पण आजचे निदान आणि पुढचे उपचार कोऱ्या चौकटीत लिहावेत. त्यासाठी चार ओळी पुरतात, आणि तेवढ्याही सुचत नसतील तर रुग्णाला पुन्हा एकदा तपासून यावे.

दुसरी खोड म्हणजे नाव सापडले नाही की लगेच नवी नोंदणी करणे. पहिल्या बाळंतपणाला माहेरच्या आडनावाने आलेली बाई पुढे सासरच्या आडनावाने येते. ज्ञानेश्वरचे स्पेलिंग कोणी डीने सुरू करतो तर कोणी जीने. आणि जन्मतारीख ठाऊक नसलेल्या निम्म्या गावाचा जन्म आपल्याकडे 1 जानेवारीला झालेला असतो. अशा वेळी एकाच माणसाचे दोन क्रमांक तयार होतात, पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद जुन्या क्रमांकावर पडून राहते आणि नव्या क्रमांकावर इंजेक्शन लिहिले जाते. नावाची पहिली तीन अक्षरे, वय आणि गाव टाकून शोधावे, नातेवाइकांकडे जुने डिस्चार्ज कार्ड मागावे, आणि आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) असल्यास त्याचा 14 अंकी क्रमांक विचारावा. मोबाइल क्रमांकावर एकट्यावर विसंबू नये, कारण घरातल्या पाच जणांचा तो एकच असतो. तातडीच्या रुग्णाची तात्पुरती नोंदणी करणे भागच असते. परंतु दोन्ही क्रमांक एकत्र करण्याची विनंती त्याच पाळीत वैद्यकीय अभिलेख विभागाला पाठवावी.

निदान प्रत्येक वेळी मनाला येईल तसे टाइप करू नये. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची प्रमाणित सांकेतिक यादी भारतात विनामूल्य वापरता येते आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे; तरीही एकाच ओपीडीत ‘डीएम’, ‘शुगर’ आणि ‘टाइप टू’ असे तीन मधुमेह नांदतात आणि नंतर यादी काढताना त्यातला एकही सापडत नाही.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध लिहिताना ‘आठवड्यातून एकदा’ ऐवजी ‘रोज’ निवडले गेले नाही ना, हे सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहावे.

औषध लिहिताना पडद्यावर येणाऱ्या धोक्याच्या सूचना न वाचता बंद करणे चूकच आहे. पण निरुपयोगी सूचनांचा भडिमार होत असेल तर त्या औषध समितीकडून कमी करून घ्याव्यात.

स्वतःचे लॉगिन कोणालाही, अगदी सिस्टरलाही, वापरू देऊ नये.

नेहमीच्या औषधांची आणि तपासण्यांची स्वतःची यादी एखाद्या शांत दुपारी बसून तयार करावी. ‘वेळ मिळाला की करतो’ म्हणणारे वर्षभर तीच गोळी रोज नव्याने शोधत बसतात.

सर्व्हर बंद पडला की कागदावर लिहावे, आणि तो सुरू झाल्यावर त्या नोंदी भरताना औषध प्रत्यक्ष दिल्याची वेळ टाकावी, टाइप केल्याची नव्हे. अन्यथा पुढच्या पाळीतल्या सिस्टरला डोस आत्ताच दिला असे वाटते आणि पुढचा डोस उशिरा जातो.