कमल चालते, सुनीता चालत नाही

पहिल्या नोकरीत पहिलं काम आलं ते एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीच्या फॉर्मचं. सी शार्प भाषा, पडद्यावरचे फॉर्म बनवायचं विंडोज फॉर्म्स, वीसेक टेक्स्टबॉक्स म्हणजे लिहायचे खाने. "व्हॅलिडेशन तेवढं नीट लाव," एवढंच सीनिअर म्हणाले. म्हणजे भरलेली माहिती बरोबर आहे का, ते प्रोग्रॅमनेच तपासायचं. मी ऑफिसात बसून 'कमल गणपत कदम' असं नाव टाकून पाहिलं, कारण ते कीबोर्डवर पटापट येतं. सेव्ह झालं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या ताईंचा फोन: "अहो, तुमचं सॉफ्टवेअर सुनीता घेतच नाही."

नावात आकडे नकोत म्हणून मी मधली मोकळी जागा सोडून प्रत्येक अक्षर 'इजलेटर'ने, म्हणजे 'हे अक्षर आहे का' सांगणाऱ्या तयार फंक्शनने, तपासत होतो. आपल्या लेखी काना, उकार, वेलांटी हा अक्षराचाच भाग. कॉम्प्युटरमध्ये लिप्या साठवायची पद्धत म्हणजे युनिकोड, त्याच्या लेखी ती वेगळी चिन्हं, आणि सी शार्प ज्यावर चालते ते डॉट नेट त्यांना अक्षर म्हणत नाही. माझ्या कमलबाईंच्या अख्ख्या नावात एक काना नव्हता, म्हणून त्या पार झाल्या. सुनीता पहिल्याच उकाराला अडकली.

रकमेच्या खान्यात याच्या बरोबर उलटं झालं. 'इजडिजिट' मराठी आकड्यांनाही आकडाच मानतं, त्यामुळे '१२००' आत आलं. पण पुढे लिहिलेल्याची संख्या बनवणाऱ्या 'इंट पार्स'ला फक्त इंग्रजी आकडे कळतात. दारवानाने सोडलं, साहेबाने हाकललं. प्रोग्रॅम एररचं इंग्रजी पान दाखवून बंद. आता मी मराठी आकडे आधी गुपचूप इंग्रजीत बदलून घेतो, मग 'ट्रायपार्स' वापरतो, ते जमलं नाही तर प्रोग्रॅम न पाडता नुसतं 'नाही' सांगतं. माणसाने लिहिलेलं आपल्याला कळत असेल तर त्याला पुन्हा लिहायला का लावायचं?

बँकेच्या शाखेच्या आयएफएससी कोडचंही तेच. ११ अक्षरांतलं पाचवं नेहमी शून्य असतं आणि लोक तिथे हमखास इंग्रजी ओ टाकतात. तो आपणच बदलावा.

नवीन मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे 'व्हॅलिडेटिंग' इव्हेंटमध्ये (कर्सर खाना सोडताना होणाऱ्या तपासणीत) 'कॅन्सल' ट्रू करून ठेवणं, म्हणजे चूक असेल तर कर्सरला बाहेर न सोडणं. मीही केली. पॅन चुकलं की कर्सर त्या खान्यातून हलत नाही. सभासद म्हणतो, कार्ड घरी राहिलं, उद्या आणतो. ताईंना पुढच्या खान्यात जाता येत नाही आणि 'रद्द करा'सुद्धा दाबता येत नाही. रद्दचं बटण दाबताना तपासणी होऊ नये म्हणून त्याचं 'कॉजेसव्हॅलिडेशन' फॉल्स करा, फॉर्मचं 'ऑटोव्हॅलिडेट' कर्सर पुढे जाऊ देणारं ठेवा, आणि मेसेज बॉक्सऐवजी खान्याशेजारी 'एररप्रोव्हायडर'चं लाल चिन्ह दाखवा. सेव्हच्या वेळी मात्र सगळे खाने एकदम तपासणारं 'व्हॅलिडेटचिल्ड्रन' बोलवायलाच हवं. ज्या खान्यात कर्सर गेलाच नाही, त्याचा 'व्हॅलिडेटिंग' तोवर वाजतच नाही.

'कीप्रेस'मध्ये, म्हणजे बटण दाबल्याक्षणीच, अक्षरं अडवण्यावर फार विसंबू नका. कंट्रोल अक्षरं (बॅकस्पेससारखी न दिसणारी) सोडायला विसरलात तर बॅकस्पेसही मरतो, आणि उजवं क्लिक करून पेस्ट केलेलं तरीही आत येतं.

तारीख सगळ्यात घातकी, कारण ती ओरडत नाही. एका कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती. १३ जून टाकला की एरर यायची, ती आम्ही लगेच पाहिली. ५ जून मात्र बिनबोभाट ६ मे होऊन बसायचा. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत उघडलेली खाती आम्हाला कागदावरून पुन्हा तपासावी लागली. तेव्हापासून ठरलेल्या साच्यातलीच तारीख घेणारं 'ट्रायपार्सएक्झॅक्ट' आणि दिवस-महिना-वर्ष हा साचा, दुसरं काही नाही.

आता मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. पॅनचा पॅटर्न (पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर) सगळे धडाधड सांगतात. मी विचारतो, ज्याच्याकडे पॅनच नाही त्याचं काय करशील? इथे बहुतेक जण गप्प होतात.

हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या फॉर्ममध्ये मोबाइल सक्तीचा होता: दहा आकडे, पहिला ६ ते ९. खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्या सभासदांकडे फोनच नव्हता. ताईंनी काय करावं? एक अगदी नियमात बसणारा नंबर त्यांना तोंडपाठ होता, तो टाकून त्या मोकळ्या झाल्या. पुढे एसएमएस सुविधा चालू केली तेव्हा निम्म्या गावाच्या ठेवींचे मेसेज ताईंच्याच पर्समध्ये वाजायला लागले.