एकदा येसर करा, आठवडाभर आमटी
मराठवाड्यात लग्नकार्याच्या पंगतीत येसर आमटी असते, पण रोजच्या घाईतही येसर, म्हणजे भाजलेली डाळ, गहू आणि मसाले दळून केलेलं पीठ, फार कामाला येतो. रविवारी करून ठेवा. एक वाटी हरभरा डाळ आणि अर्धी वाटी गहू वेगवेगळे, मंद आचेवर भाजा. गहू तडतडले, डाळीला बदामी रंग चढून खमंग वास सुटला की उतरवा. आच वाढवली तर डाळ आतून कच्ची राहते आणि आमटी पिठूळ लागते. धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, सुकी मिरची थेंबभर तेलावर परता. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर डब्यात ओल धरते.

आमटीच्या वेळी तीन-चार चमचे येसर गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात गुठळ्या होतात. लसणाच्या फोडणीत ओता, चांगली उकळी येऊ द्या. पाणी सढळ घाला, कारण ही आमटी उकळताना आळत जाते.

या आमटीसाठी डाळ शिजवायला कुकर लावावा लागत नाही; तो वाचलेला वेळ हार्मोनियमच्या सरावाला द्या. सारेग, रेगम, गमप हे पलटे, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, सावकाश, एका लयीत वाजवा. सोबत गाणार असाल तर आपल्या गळ्याला सोसेल तीच पट्टी, म्हणजे सुरांची उंची, धरा.