गाडी स्टार्ट होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

चावी फिरवली, टक् असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. शेजारच्या काकांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "बॅटरी गेली रे." मी तो मान्य केला, साडेचार हजारांची नवी बॅटरी बसवली आणि चौथ्या दिवशी पुन्हा टक्! निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथे बोल्टखाली गंज धरला होता. पॉलिश पेपर मारून बोल्ट आवळला, संपलं. दहा मिनिटांचं काम.

तेव्हापासून आधी कान देतो. सेल्फ, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणारी स्टार्टर मोटर, फिरतोय की नाही? नुसतं टक् होत असेल किंवा सेल्फ रडत रडत फिरत असेल, तर दोष बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (निगेटिव्ह वायरची बॉडीशी आणि इंजिनशी जोडणी) किंवा खुद्द सेल्फमध्ये. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. स्पार्क नाही, पेट्रोल येत नाही किंवा इमोबिलायझरने (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) गाडी अडवली आहे.

पहिल्या प्रकारात हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा जोडण्या बघा. लाइट तसेच लख्ख राहिले, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: रिले (सेल्फचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच, क्लचचा स्विच, सोलेनॉइड (सेल्फवरचाच मोठा स्विच) तपासा.

साधा मल्टिमीटर घरात ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर संशय घ्या. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं, नाहीतर अल्टरनेटर तपासा. आणि अर्थिंगसाठी मी आता हे करतो: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की वाट अडलेली आहे. माझ्या गाडीत दीड दिसला असता, पण तेव्हा मीटर कपाटात आणि मी बॅटरीच्या दुकानात!

दुसरी मोठी चूक जुन्या फिटर मंडळींची: प्लगची वायर ओढून बॉडीला टेकवायची आणि ठिणगी बघायची. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आजच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि ती २० ते ४० हजार व्होल्ट तयार करते. तो करंट भलत्या वाटेने गेला तर कॉइल किंवा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) उडू शकतो, तुम्हाला झटका बसेल तो वेगळाच.

त्याऐवजी अदलाबदल करा. स्कॅनरवर (गाडीचे दोष-कोड वाचणारं यंत्र) पी०३०२ आलं, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, नीट पेटत नाहीये. इंजिन थंड करून, इग्निशन बंद करून दोन आणि तीनची कॉइल आलटूनपालटून लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर तीन नंबरला गेला, तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग बघा, तो चांगला असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). चारही कॉइल एकदम बदलण्याची गरज नसते. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं, तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लग-होलचे सील आधी बदला. नाहीतर नवी कॉइलही त्याच ऑइलात भिजेल.

सीएनजीवाल्यांसाठी खास. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर एकदम स्मूथ, असं झालं की लोक थेट किट ट्यून करायला धावतात. गॅसमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते. आधी प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. इरिडियम प्लगला तारेचा ब्रश अजिबात मारू नका, टोक फार नाजूक असतं. नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवत बसवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

पावसाळ्यात इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेतलं आणि गाडी थरथरायला लागली, तर खोबणीत पाणी गेलंय. कॉइल काढून हवेने वाळवा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो जळतो. सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते? क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर संशय आणखी पक्का. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय? दुसरी चावी लावून बघा. चावी फिरतच नाही? स्टीअरिंग लॉक असेल, ते थोडं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये उभी ठेवून सेल्फ मारला तर काहीच होणार नाही. माझ्या एका मित्राने त्यासाठी टोइंगवाला बोलावला होता, आणि त्या बिचाऱ्याने गिअर पी (पार्क) मध्ये टाकून चावी परत दिली.