जुन्या बागेत नवं काही बसवण्याआधी

शहराच्या मध्यावरची जुनी बाग ओस पडली की कधीतरी आसपासची मंडळी एकत्र येतात आणि पहिल्याच बैठकीत यादी तयार होते: ओपन जिम, सेल्फी पॉइंट, रंगीत दिव्यांचं कारंजं, प्लास्टिकची घसरगुंडी. माझी सगळी नोकरी उद्यान खात्यात गेली. अशा याद्या मी टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडूनही पाहिल्या आहेत. म्हणून आता कुणी सल्ला विचारायला बोलावलं, की मी आधी ती यादी घडी घालून ठेवायला सांगते. बागेत काय आणायचं ते नंतर. आधी काय काढायचं ते बघू.

त्यासाठी मोजणी करावी लागते. कागदावर हातानेच बागेचा नकाशा काढा, त्याच्या प्रती काढा आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यावर अशी एकेक फेरी मारा. एक कामाचा दिवस घ्या, एक सुट्टीचा. बसलेल्या माणसाला ठिपका, चालणाऱ्याला बाण. बायका, मुलं, म्हातारी माणसं वेगळ्या रंगाने. यात बायकांचे ठिपके नीट बघा. न्यूयॉर्कमधल्या चौकांचा आणि बागांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे विल्यम व्हाइट हीच खूण सांगत: बायकांचं प्रमाण घसरलं, की त्या जागेत काहीतरी बिनसलंय असं समजा. ज्या कोपऱ्यात एकही ठिपका पडत नाही, तिथे स्वतः जाऊन पंधरा मिनिटं बसा. कारण बहुतेक वेळा कळतं. पाठीमागे उंच झाडोरा असतो, समोरून बाहेर पडायला वाट नसते, किंवा बाकाचं तोंड भिंतीकडे असतं.

न्यूयॉर्कचंच ब्रायंट पार्क घ्या. १९३४ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली तेव्हा ते रस्त्यापेक्षा उंचावर घेतलं गेलं आणि भोवती कुंपण आणि झुडपांच्या भिंती आल्या. हेतू शांततेचा होता. पण रस्त्यावरून आतलं दिसेना. सत्तरच्या दशकात तिथे अमली पदार्थ विकणाऱ्यांनी बस्तान बसवलं. व्हाइट यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते: आडोसा कमी करा, प्रवेश वाढवा आणि रुंद करा, बसायची सोय वाढवा. १९८८ मध्ये बाग कामासाठी बंद झाली, १९९२ मध्ये उघडली आणि माणसांनी भरली. तिथे सुट्या, उचलता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आहेत. माणूस बसण्याआधी खुर्ची वीतभर सरकवतो, उगाचच, पण तेवढ्याने ती त्याची होते, हेही व्हाइट यांनीच टिपलेलं. ‘खुर्च्या चोरीला जातील’ असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. काही जातीलही. दगडी बाक फुटला तर दुरुस्तीला जे लागतं, त्यात पुष्कळ खुर्च्या येतात.

तर काढण्याच्या कामांपासून सुरुवात करा. वाटेकडेची झुडपं कमरेच्या खाली आणा. झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर राहतील इतक्याच छाटा, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली, रीतसर परवानगी घेऊन. ‘हिरवळीवर चालू नये’, ‘बसू नये’, ‘खेळू नये’ अशा गंजक्या पाट्यांपैकी कामाची एखादी ठेवा. हिरवळीत लोकांनी आपल्या पायांनी तिरपी वाट पाडली असेल, तर तिच्याशी भांडू नका. ती पक्की करा, आणि उरलेली हिरवळ आपोआप वाचते.

आता झाडं. इथे घाई करू नका, कारण जुन्या बागेत पैशाने परत आणता येत नाही अशी गोष्ट हीच. एक साधी परीक्षा सांगते. बुंध्यापासून चारपाच पावलांवर लांब स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने जमिनीत दाबा. पाऊस पडून गेल्यावर दोनतीन दिवसांनीसुद्धा तो बोटभर शिरून अडत असेल, तर माती पायांखाली आणि गाड्यांखाली दाबून टणक झाली आहे. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्या मातीत हवा शिरली नाही तर झाड वर्षानुवर्षं हळूहळू वाळतं. शेंडे आधी सुकतात, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

उपाय खर्चिक नाही. बुंध्याला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचे गोल कट्टे काढा. काढताना यंत्र लावू नका. पहार आणि हात पुरे, कारण खाली मुळं असतात. उघड्या मातीवर पालापाचोळ्याचा आणि लाकडाच्या चुऱ्याचा चार बोटं थर द्या, मात्र बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजते. कट्ट्यात भराव घालून बुंधा गाडणं हा तर झाडाला सावकाश मारण्याचा खात्रीचा मार्ग. तरी प्रत्येक सुशोभीकरणात कट्टा असतोच, कारण कट्ट्याचं बिल निघतं आणि पाचोळ्याचं निघत नाही.

गोळा केलेला पाचोळा जाळायचा किंवा गाडीत भरून पाठवायचा नाही, हे माळ्यांशी बोलून ठरवा. जाळीच्या कप्प्यात भरून ओल राखली, तर वर्ष-दोन वर्षांत त्याची काळीभोर पानमाती होते. ओल किती? मुठीत दाबलं तर बोटांवर थेंब दिसावेत, पाणी गळू नये.

जुन्या भिंती, फाटकाचे खांब, पायऱ्या यांच्याबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगते: चुन्यातल्या बांधकामाला सिमेंट लावू देऊ नका. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवतं, मग ओल दगडविटांतून वाट काढते आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. निविदेत दगडविटांमधल्या फटींसाठी, म्हणजे दरजांसाठी, ‘चुन्याच्या मसाल्याने दरजा भरणे’ असे शब्द आले पाहिजेत. ते नसतील तर ठेकेदार सिमेंटच आणणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मूळ आराखडा, जुने फोटो, जुनी पोस्टकार्डं मिळतील तेवढी जमवा. घराघरांतल्या अल्बममध्ये बागेतल्या बाकावर बसून काढलेले फोटो असतातच. त्यांच्या मागच्या बाजूला कारंजं कुठे होतं, वाट कशी वळत होती ते दिसतं. ऐतिहासिक बागांसाठीची फ्लोरेन्स सनद १९८१ ची. ती बागेला जिवंत स्मारक मानते, म्हणून अखंड देखभालीला पहिलं स्थान देते आणि म्हातारी झाडं कधी, कशी बदलायची याची दीर्घ योजना मागते. ही योजना नागरिकांच्या गटाने जरूर करावी. आज शंभरीची झाडं एकाच वेळी लावलेली असतील तर ती साधारण एकाच सुमारास जाणार. त्यांच्या जागी येणारी रोपं आत्ताच ठरवायला हवीत.

झाडांना नावाच्या पाट्या लावा, पण खिळे ठोकून नाही. शेजारी छोटा खुंट रोवून लावा. इंग्लंडमधल्या डर्बी शहरात १८४० मध्ये लोकांसाठी खुली झालेली आर्बोरेटम ही बाग जॉन लाउडन यांनी आखली, तीच मुळी नावानिशी ओळखता येणारी झाडं बघत फिरण्यासाठी. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात. स्पेलिंग आणि ऱ्हस्वदीर्घ मात्र कुणीतरी तपासा.

स्वच्छतागृह चालू आणि स्वच्छ नसेल तर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं अर्ध्या तासात परत जातात. यावर अधिक लिहायची गरज नाही. दिव्यांचं तसंच: डोळ्यांत घुसणारे झगझगीत नकोत. खाली तोंड केलेले, पिवळसर, समोरच्याचा चेहरा ओळखू येईल इतकेच. कारंजं बंद असेल आणि पंप लगेच मिळणार नसेल, तर हौद आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडा करा; डासांना तेवढीही उसंत देऊ नका.

आता कार्यक्रम. वर्षातून एकदा भव्य महोत्सव केला की मांडवाच्या खड्ड्यांनी हिरवळ जाते आणि दुसऱ्या दिवशी बाग पुन्हा रिकामी. त्यापेक्षा छोटं काहीतरी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी: बुद्धिबळाचे पट, वाचन, गाण्याचा रियाज, रोपांची अदलाबदल. तुमच्या नकाशावर जी वेळ रिकामी दिसली, नेमकी तीच निवडा. गर्दीच्या वेळी कार्यक्रम घेऊन टाळ्या मिळतात, बाग भरत नाही.

शेवटी कागदपत्र. श्रमदानाचा उत्साह ओसरतो, हे गृहीत धरूनच पालिकेशी लेखी करार करा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १९८० मध्ये नागरिकांची संस्था उभी राहिली. पुढे त्या पार्कचे ४९ भाग पाडून प्रत्येक भाग एकेका माळ्यावर सोपवला गेला. तुमची बाग लहान असली तरी चार भाग करा आणि प्रत्येकावर एक माळी आणि गटातलं एक माणूस अशी जोडी लिहून टाका. करारात माळ्यांची संख्या कमी होणार नाही असं कलम घाला, नाहीतर तुम्ही झाडू हातात घेतलात की खातं आपला माणूस काढून घेतं. पाण्याच्या मुख्य तोटीची किल्ली कुणाकडे, दिवा गेला तर तक्रार कुठे आणि किती दिवसांत दुरुस्ती, झाड पडलं तर रात्री फोन कुणाला, हेही त्याच कागदावर लिहा. दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि एक प्रत माळ्यांच्या खोलीत भिंतीवर लावा.