डायोरामातलं पाणी: रेझिनची बाटली उघडायच्या आधी आणि नंतर

डायोरामा, म्हणजे एखाद्या जागेचा छोटा देखावा, करायला घेतला की बऱ्याच जणांचं लक्ष पहिल्यांदा रेझिनकडेच जातं (इथे रेझिन म्हणजे इपॉक्सी, दोन द्रव मिसळून ओतायचं, मग ते काचेसारखं घट्ट होतं), साहजिक आहे, व्हिडिओत तोच भाग बघायला भारी वाटतो, कपातून चकचकीत पाणी ओतलं आणि नदी तयार. पण रेझिनला स्वतःचा ना रंग असतो ना खोली. डोळ्यांना जे दिसतं ते त्याच्या खालचा तळ आणि बाजूचा काठ, आणि ते दोन्ही कच्चं राहिलं तर रेझिन कितीही भारीतलं आणा, पॉलिश केलेल्या फरशीसारखंच दिसणार. म्हणून इथे आधीच्या कामावर जास्त लिहितोय, ओतण्यावर त्या मानाने कमी.

सगळ्यात आधी स्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान करायचं ते, पक्का करा आणि हिशोब कागदावर मांडा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:३५ मध्ये ५० मिमी होतो, १:७२ मध्ये साधारण २४ आणि १:८७ मध्ये जेमतेम २०. हे नुसतं बाहुल्यांपुरतं नाही, मातीलाही लागू आहे. १ मिमीचा वाळूचा कण १:८७ मध्ये जवळपास ९ सेंमीचा दगड होतो, म्हणजे तुम्ही जी 'बारीक वाळू' पसरताय ती त्या छोट्या माणसासाठी खडीचा ढीग आहे. लाटांचंही तेच, मीटरभर उंचीची लाट १:३५ मध्ये साधारण २९ मिमी आणि १:८७ मध्ये ११-१२ मिमी. लहान स्केलमध्ये लोक हमखास लाटा दुप्पट-तिप्पट मोठ्या करतात आणि मग साध्या तळ्यातली होडी वादळात सापडल्यासारखी दिसते.

दुसरं म्हणजे पाणी कुठलं ते ठरवा. साचलेलं डबकं, संथ नदी, डोंगरातला ओढा, की समुद्र? ऋतू कुठला, पाणी गढूळ की नितळ, आणि वाहत असेल तर कुठून कुठे? खऱ्या जागेचे दोन-चार फोटो समोर ठेवा, दुसऱ्याच्या मॉडेलचे नको, कारण त्याने केलेली चूक तुम्ही सौंदर्य समजून उचलाल.

बेससाठी प्लायवूड किंवा एमडीएफ, आणि वर एक्सपीएस फोम, म्हणजे तो दाट, गुळगुळीत रंगीत इन्सुलेशनचा. पांढरा दाण्यादाण्यांचा थर्माकोल स्वस्त पडतो, पण कापताना घरभर दाणे उडतात आणि बारीक आकार नीट येत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या, साधे स्प्रे पेंट आणि सॉल्व्हंटवाले गोंद फोमला अक्षरशः खाऊन टाकतात, त्यामुळे आधी अ‍ॅक्रिलिक रंगाचा किंवा पांढऱ्या गोंदाचा पूर्ण लेप द्या. गरम तारेने कापत असाल तर खिडक्या उघडा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही. नदीचं पात्र फोम कोरून खाली न्या, काठ वर चढवत बसू नका, कारण निसर्गात पाणी सगळ्यात खालच्या जागी असतं आणि नजरेला हे न सांगताच कळतं. खोली फार नको, ४-५ मिमी पुष्कळ झाली, बाकीची खोली रंगाने काढता येते.

खडकांसाठी पीओपी. रबरी साचे मिळतात, नसतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून अर्धवट उलगडा आणि त्यात पीओपी ओता, जे निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. झाडाची वाळलेली सालही छान चालते. फक्त थरांची दिशा सगळ्या खडकांत एकच ठेवा, एक आडवा एक उभा असं केलं की ते ट्रकमधून आणून टाकल्यासारखे दिसतात. रंगवायची माझी आवडती पद्धत म्हणजे ठिपक्यांची: खूप पातळ केलेला ऑकर (मातकट पिवळा) आणि अंबर (मातकट तपकिरी) कोरड्या पीओपीवर इकडेतिकडे ठिपके देत लावायचा, ते आपसूक शोषले जाऊन एकमेकांत मिसळतात, मग सगळ्यावरून काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, तो भेगांत जाऊन बसतो, आणि वाळल्यावर जवळजवळ कोऱ्या ब्रशने फिकट राखाडी रंग नुसता कडांवरून फिरवायचा. बस, एवढंच. राखाडी रंगाचा जाड थर मारून मग त्याला खडक म्हणणं सोडून द्या.

माती खरी वापरली तर उत्तमच, पण चाळून, आणि ओव्हनमध्ये किंवा जुन्या तव्यावर कोरडी भाजून, नाहीतर काही महिन्यांनी बुरशी किंवा किडे बाहेर येतील. आगगाडीचा लेआउट असेल तर मातीवरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात आणि मग ती बिघडते. चिकटवताना कोरडी माती पसरून त्यावर आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा साबणाचा थेंब टाकलेलं पाणी बारीक फवारा, त्यानंतर निम्मंनिम्म पाणी घातलेला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद ड्रॉपरने सोडा. आधी ओलं न करता गोंद टाकला तर तो मोत्यासारखा गोळा होऊन वरच बसतो आणि माती सरकते.

गवतासाठी स्टॅटिक अ‍ॅप्लिकेटर असेल तर काम सुखाचं होतं. त्यात नायलॉनचे धागे विद्युतभाराने उभे राहतात, फक्त त्याची दुसरी वायर ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला लागली पाहिजे. २, ४ आणि ६ मिमीचे धागे आणि निदान तीन छटा मिसळा, एकाच हिरव्यात केलेलं गवत क्रिकेटच्या मैदानासारखं दिसतं. झाडांवर फार बोलत नाही, पिळलेल्या तारेचं खोड, त्यावर फायबर, हेअरस्प्रे आणि फोमचा चुरा, ती मुळात चिकाटीची गोष्ट आहे.

आता तळ. पाणी निळं असतं हे डोक्यातून काढून टाका, निळं दिसतं ते बहुतेक वेळा आकाशाचं प्रतिबिंब असतं. नदी-तळ्यासाठी सर्वात खोल जागी काळपट हिरवा-तपकिरी, मग मातकट हिरवा, आणि काठाला येताना काठाच्याच मातीचा रंग, आणि हे तिन्ही ओले असतानाच एकमेकांत ओढायचे म्हणजे मध्ये रेघ राहत नाही. गढूळ पुराचं पाणी करायचं असेल तर तळाची मेहनत वाचली, तिथे अपारदर्शक मातकट रंग आणि वर चकाकी एवढंच लागतं. नितळ ओढा असेल तर मात्र गोटे, बुडालेलं लाकूड, कुजकी पानं, थोडा गाळ, सगळं आत्ताच चिकटवा, ओतल्यानंतर हात घालता येणार नाही.

आणि काठाची ओली रेघ! हीच गोष्ट सगळ्यात जास्त लोक विसरतात. खऱ्या नदीकाठी पाण्याला लागून मातीचा एक पट्टा गडद असतो, कारण ती ओली असते, आणि दगडांवरही पाणी कुठवर चढलं होतं ते दिसतं. पाण्याच्या पातळीच्या थोडं वरपर्यंत पातळ गडद तपकिरी वॉश द्या आणि त्यावर सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचं, वार्निश. हे केलं नाही तर पाणी आणि जमीन दोन वेगळ्या डब्यांतून आणल्यासारखी वाटतात.

मग सील करणं. पीओपी, माती, फोमचे सांधे, सगळ्यांत हवा असते आणि ती रेझिनमध्ये बुडबुडे होऊन वर येते, शिवाय टाचणीएवढं भोक असलं तरी रात्रभरात रेझिन टेबलावर. पांढऱ्या गोंदाचे किंवा वार्निशचे दोन हात पूर्ण पात्रावर, काठासकट, आणि प्रत्येक हात नीट वाळू द्या. पात्र बेसच्या कडेला उघडं असेल तर तिथे प्लॅस्टिकची पट्टी पॅकिंग टेपने झाकून घट्ट बसवा, रेझिन त्या टेपला धरत नाही त्यामुळे नंतर सुटते, आणि बाहेरच्या फटी सिलिकॉनने बुजवा.

ओतायच्या दिवशी बेस पाणसळ लावून सपाट करा, रेझिन खोटं बोलत नाही, एक कोपरा खाली असला की तिकडेच जाणार. दोन भागांचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेच, आणि ते वजनाचं आहे की मापाचं हे नीट वाचा, दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते त्यामुळे अदलाबदल केली तर कायमचं चिकट पाणी मिळेल. सावकाश तीन-चार मिनिटं ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत ढवळा, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला माल राहतोच. रंग द्यायचा तर काडीच्या टोकावर येईल इतकाच, पाण्यात मिसळायचे रंग जास्त पडले तर रेझिन नीट घट्टच होत नाही.

पहिला थर मिलिमीटरभराचा, गळती पकडण्यासाठी. तो धरला की पुढचे ३ मिमीच्या आसपासचे. एकदम जाड ओतू नका, इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं, जाड थरात ती अडकते, मग तडे जातात आणि खालचा फोमही वितळू शकतो. बुडबुड्यांवर हीट गन लांबून आणि क्षणभरच, गवत आणि फोम जवळ असेल तर त्यापेक्षा टूथपिक बरी. वर उलटं खोकं झाका, नाहीतर धूळ बसेल. खोली २०-२५ अंशांची आणि कोरडी हवी, दमट हवेत बऱ्याच इपॉक्सींवर धुरकट चिकट साय येते. बहुतेक इपॉक्सी दिवसभरात हाताला कोरडं लागतं पण पूर्ण पक्कं व्हायला तीन दिवस किंवा जास्त धरा. हातमोजे नायट्राइलचे, खिडकी उघडी, आणि घासकाम करताना मास्क. कच्चं इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की सहसा जात नाही, यात हयगय नको.

रेझिन काठावर आणि गवताच्या काड्यांवर थोडं चढतंच. म्हणून काठाचं उंच गवत, लव्हाळं वगैरे शेवटी लावा आणि चढलेल्या चकाकीवर मॅट वार्निश फिरवा.

रेझिन आरशासारखं सपाट वाळतं, डबक्याला ते ठीक आहे, वाहत्या पाण्याला नाही. त्यावर ग्लॉस जेल मीडियम (चकाकणारं, घट्टसर अ‍ॅक्रिलिक जेल) चपट्या ब्रशने थोपटत लावा, लावताना पांढरं दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. तरंग कसेही काढू नका. पाणी जिकडून येतं त्या दगडाच्या अंगाला ते जरा फुगतं, दोन्ही बाजूंनी सुटतं, आणि मागे शांत भोवरा राहतो, फेस तिथल्या कडांना. उथळ प्रवाहात पाण्याखाली दगड असेल तर पृष्ठभागावरच्या इंग्रजी व्हीचं टोक पाणी जिकडून येतं त्या दिशेला असतं, आणि दोन दगडांमधून पाणी मोकळं जात असेल तर टोक ते जिकडे जातं त्या दिशेला. होडीच्या मागच्या लाटांचाही नियम आहे, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये मांडलेला: खोल पाण्यात त्या लाटा ज्या व्हीत पसरतात त्याचा एकूण कोन साधारण ३९ अंश, होडी हळू असो की जोरात. त्यामुळे वेगवान होडी दाखवायला कोन कमी-जास्त करत बसू नका, लाटांची उंची आणि फेस वाढवा.

उतारावरच्या ओढ्यात पातळ रेझिन ओतायचा प्रयत्न फुकट जातो, सगळं खाली जमा होतं. तिथे जेलचे थर, किंवा छोट्या पायऱ्या करून प्रत्येक डोहात थोडं थोडं रेझिन. धबधब्यासाठी बेकिंग पेपरवर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढा, काडीने लांबट खरवडा, दिवसभर वाळू द्या, सोलून जागेवर बसवा, वर जेल, आणि मग कोरड्या ब्रशने पांढरा फक्त उंचवट्यांवर. पायथ्याला कापसाचे अगदी विरळ धागे पुरतात, जास्त लावलात की धुकं न वाटता कापूसच वाटतो.

समुद्राला तर मी रेझिन वापरतच नाही. फोमवर लाटा कोरा, टिश्यू पेपर पातळ गोंदात भिजवून त्यावर पसरा, बोटांनी सुरकुत्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या ढकला, वाळल्यावर गडद हिरवट-निळा, माथ्याला उजळ, वर ग्लॉसचे तीन-चार हात. फेसाला थेट ट्यूबमधला पांढरा नको, त्यात किंचित राखाडी मिसळा आणि जाळीसारखा तुटक लावा.

कडेची पट्टी काढल्यावर तिथली बाजू ४०० पासून २००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने ओली घासत जा आणि शेवटी पॉलिश, मग पाण्याचा काप स्वच्छ दिसतो. उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, इपॉक्सी अतिनील किरणांनी पिवळं पडतं, आणि धूळ मऊ कोरड्या ब्रशनेच झाडा, ओल्या फडक्याने जेलचा थर परत पांढुरका होऊ शकतो.