पिकलेला अननस कसा ओळखावा

अननस तोडल्यावर गोड होत नाही. साल पिवळी पडते, पण आंब्यासारखी अढी घालून गोडी वाढत नाही. म्हणून निवड दुकानातच करायची.

फळ उलटं करून बूड हुंगा. गोड वास आला तर उत्तम. वासच नसेल तर बहुधा कच्चा, दारूसारखा असेल तर आंबलेला. पिवळेपणा बुडाकडून वर चढतो. केरळचा मॉरिशस जातीचा अननस पिवळाधमक होतो, मोठा क्यू जातीचा मात्र हिरवट असूनही पिकलेला असू शकतो, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. सारख्या आकारातलं जड फळ घ्या. दाबल्यावर किंचित दबावं, बोट रुतू नये. देठाच्या कापावर बुरशी किंवा डोळ्यांतून रस झिरपत असेल तर नकोच. पिकलाय का हे शेंड्याचं पान उपटून पाहणं भरवशाचं नाही. ते वाळलेल्या फळाचंही सहज निघतं.